कंसातलं वाचू नकोस! टेक्स्ट एडिटर आणि न दिसणारी अक्षरं



परदेशातल्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम तुम्ही कधी पाहिली असेल, तर हा प्रसंग ओळखीचा वाटेल. इथेच ऑस्ट्रेलियात वाढलेला एक मुलगा, मराठी छान बोलणारा पण वाचताना अडखळणारा, पहिल्यांदा संहिता हातात घेतो. आपलं वाक्य म्हणतो आणि त्याच दमात पुढचंही वाचून टाकतो: "बाबा, मी चाललो. रागाने दार आपटून विंगेत जातो." सगळे खो खो हसतात. दिग्दर्शिका म्हणते, "अरे राजा, कंसातलं वाचायचं नसतं, करायचं असतं!"

गेल्या वर्षी माझ्या संगणकानेही नेमकं हेच केलं. फरक इतकाच, की तेव्हा कोणीही हसलं नाही, कारण चूक कोणाला दिसलीच नाही. एक चुकीचा अहवाल बाहेर पडायला एकच दिवस उरला होता. आजचा लेख त्या चुकीबद्दल आहे. तुम्ही संगणकावर छोट्यामोठ्या स्क्रिप्ट लिहीत असाल, तर कधीतरी ती तुमच्याही वाटेला येईल.

झालं काय होतं?

मी मातीतल्या ओलाव्याच्या नोंदींवर काम करतो. ३६ ठिकाणी जमिनीत संवेदक पुरलेले आहेत आणि प्रत्येकाची एक साधी मजकूर फाइल येते. वर काही शेरे (मी ते मराठीतच लिहितो), मग पहिल्या ओळीत कोरड्या मातीतलं संदर्भ वाचन आणि त्याखाली रोजच्या नोंदी. प्रत्येक नोंदीतून ते संदर्भ वाचन वजा करायचं, म्हणजे खरा ओलावा कळतो. यावरून तयार होणारा अहवाल शेतकऱ्यांच्या एका गटाकडे जाणार होता. शेताला पाणी केव्हा सोडायचं, हे ते त्यावरून ठरवणार होते.

शेऱ्यांच्या ओळी काढून ३६ फाइलींची एक फाइल करायची होती. हाताशी होता व्हिम हा एडिटर. गेली १२ वर्षं मी तो रोज वापरतो, त्यामुळे त्याच्या आज्ञा बोटांत बसलेल्या आहेत. म्हटलं, त्यालाच स्क्रिप्टमधून बोलवू: फाइल उघड, शेरे काढ, उरलेलं छाप, बंद हो. छापलेलं सगळं एका फाइलीत वळवलं आणि काम रात्रीच्या रांगेत टाकून घरी गेलो.

सकाळी फाइल उघडली तर आकड्यांच्या अधेमधे कचरा: टोपीची चिन्हं, चौकटी कंस, प्रश्नचिन्हं, सुटी अक्षरं. असा कचरा मी आधीही पाहिला होता. टर्मिनलवर अक्षरांना रंग देणारे जे कोड असतात, ते काढून टाकणारी एक ओळीची गाळणी माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये पडून होती. ती चालवली आणि फाइल पुन्हा पडद्यावर पाहिली. स्वच्छ! आलेख काढले, अहवालात चिकटवले.

गुरुवारी दुपारी एका सहकारी बाईंनी आलेख पाहिले आणि विचारलं, "सगळ्या ३६ ठिकाणी ओलावा बरोब्बर शून्यापासून कसा काय सुरू होतो?"

मला उत्तर देता येईना. ओळी मोजल्या, तर हव्या होत्या त्यापेक्षा ३६ कमी भरल्या. प्रत्येक ठिकाणची पहिली ओळ, म्हणजे नेमकं संदर्भ वाचनच, हिशेबातून गळालं होतं. फाइलीत त्या ओळी होत्या आणि पडद्यावर दिसतही होत्या. पण त्यांच्या सुरुवातीला काही न दिसणारी अक्षरं चिकटलेली होती. त्यामुळे माझ्या विश्लेषणाच्या प्रोग्रामने 'हा आकडा नाही' असं ठरवून त्या ओळी मुकाट्याने वगळल्या आणि दुसऱ्या ओळीलाच संदर्भ धरलं. मग दुसऱ्या ओळीतून दुसरी ओळ वजा केली की शून्यच येणार! आलेख इतका नीटनेटका दिसत होता, म्हणूनच मला त्याचा संशय आला नाही.

कंसातल्या सूचना आल्या कुठून?

ही न दिसणारी अक्षरं म्हणजे टर्मिनलचे कंट्रोल कोड. नाटकाच्या भाषेत रंगसूचना. वाचायचा मजकूर आणि करायच्या सूचना एकाच तारेवरून पाठवायच्या, ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे आणि तिच्या कथेत सिडनीही येतं.

डोनाल्ड मरी यांचा जन्म न्यूझीलंडचा. त्यांनी सिडनीत पत्रकारिता केली. तारेने येणारा मजकूर टंकलेखन यंत्रासारखा आपोआप छापला जावा, यासाठी त्यांनी यंत्र आणि संकेत दोन्हींवर काम केलं. त्यांचा १९०१ सालचा संकेत पाच छिद्रांचा होता आणि वारंवार येणाऱ्या अक्षरांना कमीत कमी छिद्रं दिलेली होती, म्हणजे यंत्राची झीज कमी. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे या संकेतात अक्षरांच्या जोडीला दोन सूचना होत्या: छपाईचा गाडा ओळीच्या सुरुवातीला परत आण, आणि कागद एक ओळ वर सरकव. या दोन सूचना कागदावर छापल्या जात नाहीत, यंत्र त्या करतं. आजही तुमच्या प्रत्येक मजकूर फाइलीत ओळ संपते तिथे त्यांच्यापैकी एक किंवा दोन्ही असतात.

पुढे आस्की संकेतात अशा सूचनांचा एक पूर्ण गट आला. त्यातल्या २७ क्रमांकाच्या अक्षराचं नाव एस्केप. त्याचा अर्थ साधारण असा: 'आता मी जे सांगतोय ते छापू नकोस, ती सूचना आहे.' म्हणजे नाटकाच्या संहितेतला उघडणारा कंसच! १९७८ मध्ये डेक कंपनीचं व्हीटी १०० हे टर्मिनल आलं. पडद्यावर ८० रकाने आणि २४ ओळी. कर्सर अमुक जागी ने, पडदा पूस, अक्षरं ठळक कर, अशा सूचना ते एस्केप आणि चौकटी कंसाने सुरू होणाऱ्या कोडमधून घ्यायचं. ते यंत्र आता संग्रहालयात गेलं, पण तुमच्या लॅपटॉपवरची टर्मिनलची खिडकी आजही बहुतांशी त्याचीच नक्कल करते.

माझ्या ३६ ओळींच्या पुढे चिकटलेला कोड असा होता: एस्केप, चौकटी कंस, प्रश्नचिन्ह, १ आणि एच. त्याचा अर्थ 'बाणांच्या कळांनी आता वेगळे संकेत पाठवावेत'. त्याच्या मागोमाग एस्केप आणि बरोबरचं चिन्ह: 'आकड्यांच्या कळांचंही तसंच'. पडद्याला हे सांगितलं की पडदा निमूटपणे ऐकतो आणि दाखवत काहीच नाही. फाइल मात्र त्या नवख्या नटासारखी. तिला रंगसूचना आणि वाक्य यांतला फरक कळत नाही. आलेलं सगळं ती उतरवून घेते.

माझी जुनी गाळणी का फसली, तेही आता लक्षात येईल. रंगाचे कोड आकड्यांनी बनतात आणि एम या अक्षराने संपतात. गाळणी तेवढेच ओळखत होती. प्रश्नचिन्ह असलेला आणि एचने संपणारा कोड तिच्या हातून सुटला. आणि मी खात्री कशी केली, तर फाइल पडद्यावर पाहून! म्हणजे ज्या एका जागी ही अक्षरं दिसत नाहीत, नेमकं तिथेच पाहून मी 'सगळं स्वच्छ' म्हणालो.

एडिटरला हे करायची गरजच काय?

१९७० च्या दशकातलं युनिक्स आठवा. तुमच्यापैकी काहींनी न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांचं नाव ऐकलं असेल. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याचा प्रोग्राम ओळीओळीने समजावून सांगणारं भाष्य लिहिलं. पुढे युनिक्सच्या परवान्याच्या अटी बदलल्या आणि ते उघडपणे छापता येईना. तरी झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून जगभरच्या विद्यार्थ्यांनी ते वाचलं. अखेर १९९६ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्याच सुमारास, १९७७ मध्ये, शेजारच्या वुलनगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी युनिक्स एका निराळ्याच बनावटीच्या, इंटरडेटा ७/३२ या संगणकावर चालवून दाखवलं.

त्या काळच्या युनिक्सचा एडिटर होता ईडी, केन थॉम्प्सन यांनी लिहिलेला. त्याच्यासमोर पडदा नव्हता, कागदावर खडखड छापणारं टेलीटाइप होतं, सेकंदाला १० अक्षरांच्या गतीने. अशा यंत्रावर वायफळ बोलणं परवडत नाही. म्हणून ईडी अतिशय अबोल. चूक झाली की एक प्रश्नचिन्ह छापायचा, बस्स. आज्ञा द्या, ओळी बदला, हवी ती ओळ छापून मागा. रंगसूचनांचा प्रश्नच नव्हता.

मग पडदे आले. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत बिल जॉय यांनी ईडीच्या वळणावर ईएक्स हा एडिटर लिहिला आणि त्यालाच एक 'दृश्य' रूप दिलं, तेच प्रसिद्ध व्हीआय. त्यात फाइल पडद्यावर पसरलेली दिसते. पण पडद्यावर फाइल दाखवायची तर चित्र काढावं लागतं: पडदा पूस, कर्सर वर ने, ही ओळ लिही, खालच्या पट्टीत नाव लिही. प्रत्येक हालचालीमागे कंट्रोल कोड. १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी प्रसिद्ध केलेला व्हिम हा त्याच घराण्यातला.

म्हणजे व्हिम म्हणजे खरं तर एका घरात राहणारे दोन जण आहेत. धाकटा चित्रकार, तो सतत पडद्याशी बोलत असतो. थोरला अबोल, ओळीओळीने काम करणारा ईएक्स. मी रात्रीच्या कामाला हाक मारली ती ईएक्सला, पण 'समोर कोणी बसलेलं नाही' एवढं सांगायचं राहिलं. त्यामुळे त्याने पडद्याची मांडामांड करूनच कामाला सुरुवात केली.

आणि अशा कामाच्या वेळी समोर खरंच कोणी नसतं. कॅनबेरात 'गाडी' नावाचा महासंगणक आहे. (आपल्या गाडीशी त्याचा संबंध नाही. हा शब्द तिथल्या न्गुन्नवल लोकांच्या भाषेतला आहे, अर्थ 'शोध घेणं'.) पर्थमधल्या महासंगणकाचं नाव सेटॉनिक्स, म्हणजे क्वोका या गोंडस प्राण्याच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द. अशा यंत्रांवर काम रांगेत टाकायचं, पाळी आली की ते कुठल्यातरी कपाटातल्या प्रोसेसरवर चालतं आणि जे काही छापलं जाईल ते फाइलीत जातं. तिथे पडदाही नाही आणि प्रेक्षकही नाही.

नंतर पुसून का चालत नाही?

तुम्ही म्हणाल, एवढंच ना, मग चांगली गाळणी लिही! मलाही आधी तेच वाटलं. पण कंट्रोल कोडचे प्रकार पुष्कळ आहेत. काही एका अक्षराने संपतात, काही कितीही लांब असू शकतात (खिडकीचं शीर्षक बदलणारा कोड, उदाहरणार्थ). सगळे पकडायचे म्हटलं तर गाळणी इतकी बारीक करावी लागते, की ती भलतंच काहीतरी गाळते. आणि मराठी मजकुराच्या बाबतीत तर ती हमखास घात करते. तीन उदाहरणं पाहा.

पहिली गाळणी: 'साधी छापता येणारी इंग्रजी अक्षरं ठेव, बाकी सगळं काढ.' ही चालवली तर माझे मराठी शेरे पूर्णच नाहीसे होतील.

दुसरी: 'न दिसणारी अक्षरं काढ.' आता मराठीतला 'ऱ्य' पाहा. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो आणि त्यातल्या एका तऱ्हेत 'र', हलन्त आणि 'य' यांच्यामध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. ते काढलं की 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं. डोंगरातल्या 'दऱ्या' जाऊन समुद्राचा 'दर्या' येतो! न दिसणारं अक्षर नेहमी कचराच असतं असं नाही. आपल्या लिपीत ते अर्थ बदलतं.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. जुन्या आठ बिटांच्या पद्धतीत 'एस्केप आणि चौकटी कंस' या जोडीऐवजी एकच बाइट पाठवता येतो, क्रमांक १५५. काही गाळण्या तोही शोधतात. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि 'छ'चे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १५५! बाइट मोजत जाणाऱ्या भोळ्या गाळणीला 'छ'च्या शेपटात कंट्रोल कोडची सुरुवात दिसते. तिने ते शेपूट कापलं की छत्रीतला 'छ' अर्धवट राहतो आणि त्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसू लागतं.

थोडक्यात, एकदा का मजकूर आणि सूचना एका फाइलीत मिसळल्या, की त्या खात्रीने वेगळ्या करणं अवघड आहे. उपाय एकच: त्या मिसळूच द्यायच्या नाहीत. नटाला तालमीआधी सांगायचं.

आधीच गप्प कसं बसवायचं?

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा.)

व्हिमला बोलावताना दोन खुणा द्या: आधी '-ई', मग '-एस'. पहिलीचा अर्थ 'थोरल्या भावाला, ईएक्सला पाठव'. दुसरीचा अर्थ 'आणि त्याला गप्प राहायला सांग'. या रूपात व्हिम टर्मिनल कोणत्या जातीचं आहे हे विचारतही नाही, त्यामुळे त्या जातीच्या रंगसूचनाही पाठवत नाही. छाप म्हणून सांगितलेल्या ओळी तेवढ्या छापतो.

क्रम मात्र सांभाळा. '-ई' आधी नसेल, तर नुसत्या '-एस'चा अर्थ पूर्ण वेगळा होतो: 'पुढे दिलेल्या फाइलीतली अक्षरं कोणीतरी कळफलकावर दाबतंय असं समज.' म्हणजे पुन्हा चित्रकार भाऊच कामाला लागतो.

'-ई -एस' दिल्यावर व्हिम तुमची नेहमीची सेटिंगची फाइल वाचत नाही. हे चांगलंच आहे, कारण तुमच्या यंत्रावर चालणारी स्क्रिप्ट सहकाऱ्याच्या यंत्रावरही तशीच चालते. त्याला '-एन' (लहान लिपीतला) जोडलात तर तात्पुरती स्वॅप फाइलही तयार होत नाही. एकाच वेळी शेकडो कामं चालणार असतील तर ते बरं पडतं.

आज्ञा एकेक करून '-सी'च्या पुढे द्या, किंवा एका फाइलीत लिहून ती आत वळवा. शेवटची आज्ञा बाहेर पडण्याचीच हवी. ती विसरलात तर व्हिम पुढच्या आज्ञेची वाट पाहत बसू शकतो, आणि गप्प असल्यामुळे तसं सांगतही नाही. रांगेतलं काम मग नेमून दिलेला वेळ संपेपर्यंत नुसतं बसून राहतं आणि तुमच्या वाट्याचे तास जळत राहतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. व्हिममध्ये 'नॉट-अ-टर्म' नावाची एक खूण आहे. नावावरून वाटतं, हीच ती! पण ती कंट्रोल कोड थांबवत नाही. समोर टर्मिनल नसेल तर व्हिम एक इशारा छापतो आणि दोन सेकंद थांबतो. ही खूण तो इशारा आणि ते थांबणं टाळते, एवढंच. चित्रकार भावाशिवाय काम होतच नसेल, तर टर्मिनलची जात 'डम्ब', म्हणजे मठ्ठ, असं सांगा. 'याला काही करता येत नाही' असं समजून व्हिम फारच थोड्या सूचना पाठवतो. पण ही तडजोड आहे, खरा उपाय ईएक्सचाच.

ईमॅक्स वापरणाऱ्यांसाठी 'बॅच' नावाची खूण आहे आणि निओव्हिममध्ये 'हेडलेस'. आणि काम माझ्यासारखं साधं असेल, म्हणजे काही ओळी काढायच्या, काही शब्द बदलायचे, तर एडिटर कशाला? एसईडी हा ईडीच्याच घराण्यातला आहे आणि तो जन्मालाच पडद्याशिवाय आला. मी त्या रात्री तोच वापरला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता.

गप्प म्हणजे सुखरूप नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं. '-एस' दिल्यावर नुसती बडबड बंद होत नाही, चुकांचे निरोपही बंद होतात. शोधलेला शब्द सापडला नाही, आज्ञा चुकीची लिहिली, तरी व्हिम ब्र काढत नाही. एक चूक लपवायला जाऊन आपण दुसरी लपवून ठेवू. म्हणून तीन सवयी लावून घ्या.

पहिली: बाहेर पडतानाचा अंक तपासा. प्रत्येक प्रोग्राम संपताना एक अंक परत देतो, शून्य म्हणजे सगळं ठीक. ईएक्सच्या रूपात असताना चूक झाली तर व्हिम शून्याशिवाय दुसरा अंक देतो. स्क्रिप्टने तो पाहून तिथेच थांबलं पाहिजे.

दुसरी: निरोप हवेतच, पण वेगळ्या वाटेने. '-व्ही१' (व्ही कॅपिटल) ही खूण जोडली की व्हिमचे निरोप चुकांच्या वाहिनीवर जातात आणि आकडे नेहमीच्या वाहिनीवर. दोन वाहिन्या दोन फाइलींत वळवा. संहिता एका वहीत आणि दिग्दर्शकाची टिपणं दुसऱ्या वहीत.

तिसरी: डोळ्यांवर विसंबू नका, मोजा. आत गेलेल्या ओळी किती, बाहेर आलेल्या किती, आणि फाइलीत २७ क्रमांकाचे बाइट किती. शेवटचं उत्तर शून्य आलंच पाहिजे. 'कॅट' या आज्ञेला '-व्ही' ही खूण दिली की न दिसणारी अक्षरं दिसू लागतात, पण ती देवनागरीचाही चक्काचूर करून दाखवते. मराठी फाइलीत त्यापेक्षा २७ चा शोध घेणं बरं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे तिन्ही बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात, त्यामुळे २७ हा आपल्या कोणत्याही अक्षराच्या पोटात सापडत नाही. तो सापडला, तर तो उपराच.

शेवटी

त्या गुरुवारी रात्री मी ३६ फाइली पुन्हा नव्याने केल्या, या वेळी एसईडीने. ओळी मोजल्या, २७ शोधला, शून्य आलं. आलेख पुन्हा काढले. ते आधीइतके देखणे नव्हते. ३६ रेषा वेगवेगळ्या उंचीवरून सुरू होत होत्या, जशी ३६ ठिकाणची माती असायला हवी तशा. अहवाल शुक्रवारी वेळेवर गेला. ज्यांनी तो प्रश्न विचारला त्या बाईंना मी कॉफी पाजली आणि माझ्या जुन्या गाळणीची फाइल त्यांच्यासमोरच पुसून टाकली.

मला या प्रकरणातून एक गोष्ट शिकायला मिळाली. आपण प्रोग्रामला काय करायचं ते सांगतो, पण समोर कोण आहे ते सांगायचं विसरतो. समोर माणूस असेल तर रंग, कर्सर, पट्ट्या सगळं हवं, त्यात त्याची सोय आहे. समोर फाइल असेल तर फक्त मजकूर हवा. पुष्कळ प्रोग्राम हे स्वतःच ओळखायचा प्रयत्न करतात, पण त्यांचा अंदाज नेहमी बरोबर येतोच असं नाही. तेव्हा 'आज समोर कोणी नाही, कंसातलं वाचू नकोस' हे आपणच सांगायचं.

तुमच्याकडे एखादी जुनी स्क्रिप्ट असेल, वर्षानुवर्षं रोज रात्री चालणारी, तर या शनिवार-रविवारी तिने केलेल्या एखाद्या फाइलीत २७ शोधून पाहा. शून्य आला तर उत्तमच. नाही आला, तर आधी ओळी मोजा, आणि जे आलेख फार नीटनेटके दिसतात त्यांच्याकडे पुन्हा एकदा बघा.